श्रुतीची सिलिकॉनची साखळी

श्रुती मोहिते आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडीसाठी डोकं फोडते. तिने विषय सांगायला घेतला की स्टाफरूममधले लोक चहाचा कप उचलून चालू लागतात. मी बसून राहिले, म्हणून मला थोडाफार कळला. सिलिकॉनच्या मोजक्या अणूंचा पुंजका करायचा आणि त्यात धातूचा एक अणू असा बसवायचा की पुंजक्याचं एक टोक धन होईल, दुसरं ऋण. मग एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला चिकटतं आणि साखळी होते. पुढेमागे अशा साखळ्यांतून केसाहून कितीतरी बारीक तारा करता येतील. साध्या खोलीतल्या उष्णतेत ही साखळी टिकते, एवढं श्रुतीला कॉम्प्युटरवर हिशेबाने दाखवायचं होतं.

ती टिकत नव्हती. दरवेळी मधेच तुटायची. पुण्याच्या गाइडनी निर्वाणीचं सांगितलं, ऑक्टोबरअखेर टिकलेली साखळी दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. एसीत बसून बोलायला त्यांचं काय जातं!

ऑक्टोबरात एकदाची साखळी टिकू लागली. हिशेब पुरा व्हायला अजून काही दिवस होते, म्हणून मिरजोळ्याच्या घरी कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू होता आणि इकडे कॉलेजात श्रुती कधी नव्हे ती हसत होती. एका दुपारी गडगडायला लागलं. आमच्याकडे गडगडलं की घरोघरी विजेचा मेन स्विच पाडतात. तिच्या आईने, प्रेमलाकाकूंनीही पाडला.

"मेन पाडला तर तो खालचा डबा कोकलायला लागला," संध्याकाळी काकू कौतुकाने सांगत होत्या. "मग त्याचं पण बटण दाबलंय. वाचवला बघ तुझा कॉम्प्युटर."

तो डबा म्हणजे यूपीएस. जुनी डिस्क भरून अडकते म्हणून मधला हिशेब साठवायची सोय श्रुतीने बंद ठेवली होती, त्यामुळे सगळंच गेलं. काय गेलं ते तिने आईला न रागावता सांगितलं आणि मागीलदारी जाऊन रडली. मला ऐकूनच संताप आला, पण काढणार कोणावर?

तिने पुन्हा सुरुवात केली. दरवेळी अणूंना सुरुवातीचा धक्का वेगळा मिळतो, त्यामुळे आधीचीच साखळी परत हाती लागत नाही. गडगडाटात काकू कानांवर हात ठेवून बसल्या, पण मेनला शिवल्या नाहीत. महिना संपता संपता ही साखळीही तुटली.

मी तेव्हा त्यांच्या घरीच होते.

"मी मेन पाडला नसता तर ती आधीची टिकली असती काय गो?" काकूंनी विचारलं.

वर्गात कोणी अंदाजाने उत्तर दिलं तरी श्रुती त्याला तासभर उभं ठेवते.

"नाही गं आई," ती म्हणाली. "तीपण तुटणारच होती."