दरवेळी हरणारे सुखदेव सर

ढाणकीच्या बाजारात माझ्या सोयाबीनचं माप चाललं होतं, तेव्हा सुखदेव सर गेल्याचा फोन आला. मी तिथेच पोत्यावर बसलो. शेजारी आमच्याच गावचा एक जण उभा होता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "बरा माणूस गेला हो... आता सरपंचकी बिनविरोध होऊन जाते." त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नसता उद्योग मांडला. गावची निवडणूक बिनविरोध व्हायची चिन्हं दिसली, की तहसिलात जाऊन स्वतःचा अर्ज भरून यायचे. निवडून यायची हौस नव्हती आणि आशा तर नव्हतीच. प्रचाराला दारोदार हिंडत सांगायचे, "मले नका देऊ मत. पण जा, अन् कोणाले तरी देऊन या." असा उमेदवार मी तरी दुसरा पाहिला नाही. डिपॉझिट जप्त व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्याच्या गळ्यात पहिला हार सरांचाच पडायचा.

मी चिडायचो. एकदा त्यांच्या ओट्यावर चहा पिताना तोंडावरच विचारलं, "कायले गावाची एकी मोडता, सर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माह्या बापाले चावडीची पायरी चढू देत नव्हते, भाऊसाहेब. पहिल्या मतदानाले तो पाटलाच्या मागं, त्याच रांगेत उभा राह्यला. पाटलानं वळून पाह्यलं, पण रांग काही बदलली नाही. थे रांगच तुम्ही गावातून काढून टाकून राह्यले, अन् तिले एकी म्हणता?" मग रिकामे कप उचलून उठता उठता म्हणाले, "आपल्याले वाटते, राजा तलवार घेऊन येते. पण आधी लोकं मतदानाले कंटाळतात, मंग तो येते. त्याले तलवार लागतच नाही."

मला ते जरा जास्तच वाटलं. आमचं गाव ते केवढं, त्यात राजा कसला!

बुद्धविहारात सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर सभा भरली. सरपंचपदासाठी नाव एकच पुढे आलं, गावातल्या कंत्राटदाराचं. बिनविरोध झालं तर देवळाचा सभामंडप तो बांधून देणार होता. "कोणाची हरकत?" त्याने विचारलं, आणि सवयीने सगळ्यांच्या माना निंबाखालच्या कट्ट्याकडे वळल्या. सर तिथे बसायचे. कंत्राटदारही थांबला, त्यांच्या खाकरण्याची वाट पाहत असावा.

"चला, ठरलं," तो म्हणाला. "आता जो उभा राहीन, थो गावाच्या इरोधात." टाळ्या वाजल्या. माझे हात काही उचलेनात.

दुसऱ्या दिवशी मी तहसिलात जाऊन अर्ज भरला. मी निवडून येत नाही, हे मला सरांइतकंच पक्कं ठाऊक आहे. पण मतदान तर होईल! घरी पोहोचलो तर बातमी माझ्या आधीच येऊन बसलेली. मुलगा त्याच कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे, तो जेवायला आला नाही. संध्याकाळी कंत्राटदार स्वतः आला, पाया पडला, चहा घेतला. अर्जाबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, काकाले वावरात एकटं नका जाऊ देत जा आता. वय झालं."

अर्ज मागे घ्यायची मुदत अजून आहे ना, एवढंच बायकोने काल विचारून घेतलं.

सर अर्ज भरायचे तेव्हा गाव हसायचं. पारावर, टपरीवर, थेट त्यांच्या तोंडावर हसायचं, आणि सरही त्यात सामील व्हायचे. आज सकाळी मी मुद्दाम टपरीवर जाऊन बसलो. चहा मिळाला, बसायला जागाही झाली...

हसलं मात्र कोणीच नाही.