भाऊजींचा हलका कॅमेरा

एखादी वस्तू विकत घेणं म्हणजे ती निवडण्याचा आनंद कायमचा गमावणं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे लोक बाजारात जातात ते काहीतरी घेऊन परत येण्यासाठी. आमचे भाऊजी जातात ते वस्तू हातात घेऊन पाहायला, दाबायला, उलटी करून कानाशी हलवायला, दुकानदाराला दोन अवघड प्रश्न विचारायला, आणि "विचार करून सांगतो" असं म्हणून तृप्त मनानं घरी यायला. ताईच्या मिक्सरचा त्यांनी असा विचार केला होता, तेव्हा ताईनं दोन उन्हाळे चटणी पाट्यावर वाटली. शेवटी मिक्सर आला तो आमच्या आईनं रागावून नागपुराहून पाठवला म्हणून. भाऊजींनी तो खोलून पाहिला, परत जोडला, आणि म्हणाले, "चांगला आहे. पण मजा नाही आली."

दोष सगळा त्यांचा नाही. छत्तीस वर्षं ते इथल्या एका संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात होते. समोर आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, उजेडात धरायचा, आणि दोनच शब्दांपैकी एक उच्चारायचा, पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर भाग येणं थांबलं, पण माणूस थांबला नाही. साबुदाण्याची खिचडी पास होते, "पण मीठ वरच्या लिमिटवर आहे." लेकीसाठी आलेल्या स्थळांपैकी एकाला त्यांनी रिजेक्ट केलं, कारण तो मुलगा बोलताना दाराच्या कडीशी खेळत होता आणि कडी सैल झाली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. हिवाळ्यात मटार घ्यायला ते स्कूटरवर पनागरला जातात आणि प्रत्येक ढिगातली एक शेंग सोलून डोळे मिटून खातात. एकदा एका विक्रेतीनं त्यांना सुनावलं, "बाबूजी, लेना हो तो लो, नाश्ता घर से करके आया करो." भाऊजींनी तिच्याचकडून दहा किलो मटार घेतले. बाई खरं बोलते, म्हणजे मालही खरा असणार, हा त्यांचा हिशेब. पुढचे आठ दिवस आम्ही दोन्ही घरी मटार सोलत होतो.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी नॉर्वेला गेली, त्याला सहा वर्षं झाली. मधल्या काळात ती दोनदाच येऊन गेली. मागच्या वर्षी तिनं फोन करून सांगितलं की आता काहीही कारण ऐकणार नाही, येत्या जूनमध्ये तुम्ही दोघं इकडे या. ताईनं त्याच आठवड्यात लोकरीचे मोजे विणायला घेतले आणि भाऊजींनी कॅमेरा निवडायला घेतला.

त्यांचा जुना कॅमेरा होता, पण तो लेन्स लावल्यावर अडकित्त्यापेक्षा जड आणि वरवंट्यापेक्षा थोडा हलका व्हायचा. डॉक्टरांनी त्यांच्या मानेचे मणके पाहून गळ्यात वजन घालायला मनाई केली होती. लेक म्हणाली, "बाबा, फोन आहे ना. हल्ली सगळे फोननंच काढतात." भाऊजींनी तिला समजावलं, "बेटा, चमच्यानं पोळीला तूप लावता येते. म्हणून कोणी चमच्यानं पोळी लाटते का?" झालं. एका वहीत त्यांनी हलक्या कॅमेऱ्यांची नावं उतरवायला सुरुवात केली. कंपनीनं सांगितलेल्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. "हे लोक पट्टा सोडून वजन सांगतात," ते मला म्हणाले. "पट्टा काय शेजाऱ्याच्या गळ्यात राहणार आहे?"

मग त्यांनी प्रयोग सुरू केले. ताईच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या, एकीत साडेतीनशे ग्रॅम, दुसरीत पाचशे आणि तिसरीत साडेसहाशे ग्रॅम तूरडाळ भरली, आणि रोज एक पिशवी गळ्यात घालून दिवसभर वावरू लागले. बँकेत गेले, देवळात गेले, सदर भागातल्या बाजारातून हिंडले. तिथे कारखान्यातले एक जुने सहकारी भेटले. पिशवीकडे पाहत त्यांनी आदरानं विचारलं, "भाई साहब, यह ताबीज है क्या?"

"नहीं जी. तुअर दाल है."

"अच्छा," सहकारी आवाज खाली आणून म्हणाले, "किस बाबा ने बताया?"

चार दिवसांनी त्या सहकाऱ्यांची बायको ताईकडे आली आणि डाळ मंगळवारी घालायची की गुरुवारी, भिजवलेली चालते का, असं विचारून गेली. ताई हसावं की रडावं या अवस्थेत मला फोनवर म्हणाली, "बाई, हे नॉर्वेला पोहोचेपर्यंत मला वेड लागते, पाहा."

डाळीचा निकाल लागला, साडेतीनशे ग्रॅम पास. आता त्या वजनातला कॅमेरा शोधायचा होता. सदरमध्ये कॅमेऱ्यांचं एक जुनं दुकान आहे. मालक भाऊजींना ओळखतो आणि भाऊजी काही घेत नाहीत हेही ओळखतो, तरी आल्याबरोबर चहा मागवतो. "अंकल, अब कौन आता है," तो एकदा माझ्यासमोर म्हणाला होता. "आप आ जाते हो तो लगता है दुकान कैमरे की है." तो विश्वासानं एकेक कॅमेरा दोन दिवसांसाठी भाऊजींच्या हवाली करायचा. भाऊजी तो घेऊन मदन महालच्या टेकडीवर जायचे आणि तिथल्या त्या प्रसिद्ध खडकाचे फोटो काढायचे. एका शिळेवर दुसरी प्रचंड शिळा जेमतेम टेकलेली, आता पडते की मग पडते असं वाटावं अशी, पण शहरातल्या भिंती तडकवणारा भूकंप येऊन गेला तरी ती जागची हलली नाही. "म्हणूनच तर," भाऊजी म्हणायचे. "दगड हलत नाही. मग फोटो हलला तर दोष कोणाचा? कॅमेऱ्याचा. तपासणीचा साधा नियम आहे."

या नियमानं पहिला कॅमेरा रिजेक्ट झाला. दुसरा झाला. तिसरा आणि चौथाही झाला. सगळ्यांविरुद्ध तक्रार एकच, "फोटोला धार नाही." मार्च संपला, एप्रिल गेला, व्हिसा आला, ताईचे मोजे विणून झाले. निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा तिनं मला फोन केला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कोणालाही कुठेही नेऊन उभं करण्याचं काम माझ्याकडे येतं. "उद्या रविवार आहे न, तू जा यांच्यासंग," ताई म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. आज पाचवा कॅमेरा आणला. तोच ठरवून आण."

सकाळी सातलाच ऊन चटका देत होतं. टेकडी चढताना भाऊजी मला या पाचव्या कॅमेऱ्याचे गुण ऐकवत होते. पट्ट्यासकट तीनशे चाळीस ग्रॅम. शर्टाच्या खिशात मावतो. बोटाला जागा बरोबर. खडकासमोर त्यांनी नेहमीची जागा घेतली, पाय फाकवले, श्वास रोखला आणि फोटो काढला. मागच्या बाजूच्या पडद्यावर पाहिला. परत काढला. मग एका झाडाला टेकून काढला. "पाहा," त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. खडकाच्या कडा ओल्या कागदावर काढल्यासारख्या पसरल्या होत्या. "हाही गेला. धार नाही."

"मी काढून पाहू?" मी सहज विचारलं. ऊन वाढत होतं आणि मला लवकर घरी जायचं होतं, एवढंच माझ्या मनात होतं.

"काढ न."

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. मी डोळा लावला आणि बटण दाबलं. भाऊजींनी कॅमेरा घेतला, पडद्यावरचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दगडावरचा कण न् कण दिसत होता. दोन शिळांच्या फटीतून चाललेली मुंग्यांची रांग दिसत होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अजून एक काढ." मी काढला. तोही तसाच आला.

दगड हलत नव्हता. कॅमेरा हलत नव्हता. तपासणीचा साधा नियम होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात भाऊजी जवळच्या दगडावर बसले. उजवा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर डावा हात दाबून धरला. तेव्हा मी पाहिलं. खालचा हात वरच्या हाताखाली थरथरत होता, मुठीत धरलेलं पाखरू थरथरावं तसा.

"कॅमेरा पास आहे," ते म्हणाले.

आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना दुःख. कारखान्यात दिवसाकाठी शंभरदा म्हणत असतील तसंच म्हणाले. त्यांच्या हाताची तिथे ख्याती होती. केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस, असं त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. पहिले सही बिघडली. मग दाढी करताना कापायला लागलं."

"आणि तुम्हाला माहीत होतं, तरी चार कॅमेरे परत केले?"

"माहीत होतं न. पण वाटलं, एखादा कॅमेरा सांभाळून घेईल." ते थोडं हसले. "हल्ली येतात तसे, हात हलला तरी फोटो न हलवणारे."

"ताईला सांगितलं?"

"काहून सांगू? ती म्हणेल पहिले डॉक्टर, मग नॉर्वे. मग तपासण्या, मग पोरगी तिकडे घाबरून जाईल. सहा वर्षं झाले, बाई. तुझ्या ताईनं पोरीचं घर नाही पाहिलं अजून. एक डाव पाहून येऊ दे."

मी शिक्षिका असल्यामुळे मला अशा वेळी रागावता येतं. मी रागावले. तुम्ही सांगितलं नाही तर संध्याकाळी मी सांगते, असं म्हटलं. उतरताना एका ठिकाणी पायऱ्या उंच आहेत, तिथे त्यांनी न विचारता माझा खांदा धरला.

घरी ताई चहा घेऊन आली. भाऊजींनी घसा साफ केला आणि कारखान्याचा अहवाल वाचावा तसं सगळं एका दमात सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं, बशी सरळ केली, आणि म्हणाली, "अच्छा. सांगितलं एकदाचं."

"म्हणजे?"

"तुमचा कप मी सहा महिन्यांपासून अर्धाच भरून राहिली न. तुम्हाला काय वाटलं, दूध महाग झालं?"

भाऊजींनी वाकून कपात पाहिलं. इतक्या महिन्यांत तपासणी विभागाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"मग तू काहून नाही बोलली?"

"बोलली असती तर तुम्ही तिकिटं परत केली असती," ताई म्हणाली. "मला काय पोरीला भेटायचं नाही?"

दोघंही एकाच भीतीनं, एकमेकांपासून, एकच गोष्ट लपवत होते. मी उठून खिडकीपाशी गेले, कारण त्या खोलीत त्या वेळी माझं काही काम नव्हतं.

सोमवारी मी त्या दोघांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी भाऊजींचा हात तपासला, कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या, गोळ्या लिहून दिल्या. कमी होईल, पूर्ण जाणार नाही, हळूहळू वाढूही शकेल, असं स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, परदेशी कधी निघताय? जाऊन या. तेवढं ऐकून ताईनं पदरानं कपाळ पुसलं.

मंगळवारी भाऊजींनी, ते मटार सोडले तर, आयुष्यात पहिल्यांदा, "विचार करून सांगतो" न म्हणता, एक वस्तू विकत घेतली. दुकानदार इतका हादरला की त्यानं पुन्हा विचारलं, "अंकल, सचमुच?" मात्र निवडीचं पुढचं प्रकरण आता घरी सुरू झालं. कॅमेरा ताईच्या हातात राहणार होता, त्यामुळे तो ताईच्या हाताला पटायला हवा होता. तिनंही आधी डाळ घालून सराव करावा असं भाऊजींनी सुचवलं. ताई म्हणाली, "मी गळ्यात डाळ घालत नाही. मंगळसूत्र आहे, तेवढं वजन पुरे." मग दहा दिवस गच्चीवर शिकवणी चालली. ताईनं वाळत घातलेल्या कपड्यांचे, पापडांचे, शेजारच्या कुत्र्याचे फोटो काढले. भाऊजी मागे हात बांधून सूचना द्यायचे, "कोपर अंगाशी. श्वास धर. आता दाब." ती दाबायची आणि मग श्वास सोडायचं विसरायची.

ते जाऊन आले. गेल्या आठवड्यात ताई मला सगळे फोटो आमच्या टीव्हीवर लावून दाखवत होती आणि भाऊजी शेजारी बसून प्रत्येकावर शेरा देत होते. समुद्राचा फोटो एका बाजूला कलला आहे. डोंगर चांगला आहे पण अर्धी चौकट आकाशानं खाल्ली. भाजीच्या दुकानाचे इतके फोटो कशाला? ताई काही ऐकत नव्हती. "हा पाहा, रात्री दहा वाजताचा. इतकं ऊन," ती मला सांगत होती. गोळ्यांनी भाऊजींचा हात थोडा निवला आहे, पण थोडाच. तो त्यांनी उशीखाली ठेवला होता.

मग एक फोटो आला. कुठल्याशा बंदराचा धक्का, वारा सुटलेला. भाची भाऊजींसमोर उभी राहून त्यांना लोकरीचे हातमोजे चढवते आहे. लहान मुलाला घालावे तसं एकेक बोट धरून. भाऊजी मान खाली घालून पाहताहेत, दोन्ही हात तिच्या हवाली केलेले. तिचा चेहरा नीट दिसत नाही, केस उडून तोंडावर आले आहेत.

"हा खालून कापायला पाहिजे होता," भाऊजी म्हणाले. "चेहरे घ्यायचे. हात काहून घेतले मधात?"

"हातच काढायचे होते मला," ताई म्हणाली.

पुढचा फोटो लावायला तिनं बटण दाबलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, आणि आम्ही तिघं बराच वेळ त्या परक्या गावच्या वाऱ्यात बसून राहिलो.