सईच्या रागाखाली काय होतं

मी मूळची यवतमाळची. लग्नानंतर पुण्यात आले. यजमान खराडीला एका कंपनीत आहेत. आमच्या मुलीला, सईला, फिट येतात. औषधांनी फिट बऱ्याच आटोक्यात आल्या, पण पोरीचा स्वभावच बदलत गेला. जरा मनाविरुद्ध झालं की ताट भिरकावायची, चावायची, मग दिवसभर गप्प. शाळेतून तक्रारी येत. "लाडावून ठेवलीय," असं घरचेच म्हणत. दत्तावर माझी लहानपणापासून श्रद्धा. पण त्या काळात हात जोडले तरी मनात यायचं, तिथे ऐकणारं कुणी आहे का?

एका गुरुवारी मंडईतून भाजी घेऊन परतताना तिला शनिवार पेठेतल्या एका छोट्या दत्तमंदिरात नेलं. आरती सुरू होती. झांजांचा आवाज वाढला, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि सईने समोरचं फुलांचं तबक लाथेने उडवलं. आवरायला गेले तर माझ्या मनगटाला कडकडून चावली.

"मुलांना वळण नावाचा प्रकार असतो," एक आजोबा म्हणाले.

"अहो, तिला फिट येतात. मुद्दाम नाही करत ती," एवढंच मला बोलता आलं. कुणीतरी अंगारा लावायला सांगितलं. मी तिला ओढतच कोपऱ्यात नेऊन बसवलं. तेव्हा मला देवाचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

माझं बोलणं ऐकून एक चाळिशीच्या बाई आल्या आणि आमच्यापासून थोडं अंतर ठेवून जमिनीवर बसल्या. त्या माझ्याशी नाही, सईशी बोलल्या.

"मलाही फिट येतात. तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

सईने मान वर केली. "तुम्ही पण मारता?"

"मारायचे. फिट येऊन गेली की मी कुठे आहे तेच कळायचं नाही. सगळे टक लावून बघत असायचे. पुन्हा कधी येईल याची सारखी भीती. मग जवळ येईल त्याला मारायचे."

सई थोडी त्यांच्याकडे सरकली. मग हळूच म्हणाली, "मला पण भीती वाटते."

हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरांना तिच्या रागाबद्दल सांगितलंत का?" बाईंनी मला विचारलं. मी नाही म्हणाले. डॉक्टरांना फक्त फिटबद्दल सांगायचं, असंच मला वाटत होतं.

"सांगा. तोही या आजारातला, नाहीतर औषधाचा असू शकतो."

तेवढ्यात गुरुजी आले. "तबक उपडं झालं म्हणून प्रसाद बंद होत नाही. घ्या," म्हणाले आणि सईच्या हातावर शिरा ठेवून गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून एक औषध बदललं, समुपदेशनासाठीही पाठवलं. सईचा राग गेलेला नाही. पण आता कधीकधी ती आधीच येऊन सांगते, "आई, भीती वाटतेय."

त्या बाई कदाचित दर गुरुवारी तिथे येत असतील. पण त्या दिवशी आम्हालाही तिथे जायची बुद्धी झाली, यासाठी मी हात जोडते. पूर्वी देवाला विनवायची, हिला पहिल्यासारखी कर. आता औषधाच्या वेळा सांभाळते, ती चिडली की शेजारी बसून राहते आणि उरलेलं त्याच्या पायाशी ठेवते. ते मला एकटीला पेलणारं नव्हतंच.