क्रिस्टलच्या कपाळावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये सगळ्या हत्यारांना कुंकू लागायचं. ड्रिल मशीन, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर, अगदी कॉम्प्युटरच्या माउसलासुद्धा. माझा नवरा वारलेला, म्हणून पूजेच्या वेळी मालकीणबाई म्हणाल्या, "तुमी जरा भाईर थांबा, बाई." मी बाहेर चपलांजवळ थांबले.

मालक इथल्याच, नेरे गावचे. जमीन बिल्डरला विकून त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकली होती आणि शेतपंपाचे स्टार्टर बनवायला घेतले होते. मी लातूरची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. मंदीत हिंजवडीतली नोकरी गेली आणि मी इथं लागले, तीही कच्ची. लहान मुलगी माझ्या सासरी ठेवलेली. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पक्की नोकरी दाखव आणि मग पोर ने. मालकांनी शब्द दिला होता की दसऱ्याला गिऱ्हाईक येतंय, त्याच्यासमोर ब्लूटूथच्या स्टार्टरची डबी चालली की तुम्ही पक्क्या. माझी पोर त्या डबीवर टांगलेली होती.

डबीचं काम साधं होतं. ओसरीवरून मोबाइलचं बटण दाबायचं, ब्लूटूथच्या मॉड्यूलनं तो निरोप बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला द्यायचा, मोटर सुरू व्हायची आणि 'सुरू झाली' असा उलट निरोप यायचा. सकाळपर्यंत ते झकास चालत होतं. पूजा झाल्यावर मालक म्हणाले, "एकडाव लावून बघा." मी आत गेले, बटण दाबलं. पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. पुन्हा दाबलं, तर काहीच नाही.

"सकाळी तर चालत हुतं," मालक म्हणाले.

"पूजा झाल्यावर पयला हात कुणाचा लागला?" मालकीणबाईंनी विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्टूल ओढून बोर्डासमोर बसले.

दोन्हीकडचा निरोपाचा वेग जुळत नसला की पडद्यावर असा कचरा येतो, म्हणून आधी तो तपासला. जुळत होता. जाणारी आणि येणारी तार उलटसुलट तर झाली नाही ना, हे पाहिलं. व्होल्टेज मोजलं, तेही ठीक. मग मॉड्यूल बोर्डापासून सोडवलं, त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि एक अक्षर पाठवलं. तेच अक्षर जसंच्या तसं परत आलं. म्हणजे ब्लूटूथ निर्दोष होतं. खोट बोर्डात होती.

भिंग लावलं आणि दिसलं. बोर्डाच्या मधोमध चकचकीत पत्र्याची एक इवलीशी कुपी असते, क्रिस्टल. मायक्रोकंट्रोलरचे ठोके तीच धरते. एवढ्या काळ्या पसाऱ्यात तेवढंच चकाकणारं, म्हणून पूजेला झाकण काढून ठेवलेल्या डबीत मालकीणबाईंनी तेच बोर्डाचं कपाळ धरलं होतं. ओलं कुंकू भरघोस लावलेलं, ते ओघळून खाली दोन पायांच्या मधे साचलेलं, वर एक अक्षत चिकटलेली. त्या ओलीमुळे ठोके चुकत होते.

मी स्पिरिट घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला आणि घासायला लागले. तेवढ्यात मालकीणबाई प्रसादाची वाटी घेऊन दारात आल्या. पुसून होताच मी मॉड्यूल जोडलं, बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पडद्यावर स्वच्छ अक्षरं उमटली.

मालक धावत आले. "लागलं व्हय?"

"लागलं आसंल," मालकीणबाई म्हणाल्या. "पन कुंकू पुसलंय हिनं. सणासुदीला, सवाष्णीनं लावल्यालं."

मी मालकांना भिंगातून कुंकवाचा राहिलेला डाग दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्यांना कळलं. मान डोलावली त्यांनी. मग खाली बघत म्हणाले, "उद्या गिऱ्हाइकाफुडं तुमी नगा येऊ, बाई. बटन मीच दाबतो. पक्क्या करतो तुमाला, त्येची काळजी करू नगा. फकस्त खंडेनवमीला तेवढं येत नगा जाऊ."

मी हो म्हटलं. ती प्रसादाची वाटी मालकीणबाईंच्या तोंडावर फेकावीशी वाटली होती, तरी हो म्हटलं. दिवाळी झाल्यावर मुलीला घेऊन आले.

पुढच्या खंडेनवमीला मी खोलीवरच होते. झेंडूचं तोरण ओवत मुलीसोबत बसले होते. दुपारी मालकांचा फोन आला. "बाई, त्ये ब्लूटूथचं बंद पडलंय बघा. जरा या की. ब्रश घिऊन या. आन् मागल्या दारानं या, म्होरं पावणे हायेत."

म्हणजे यंदाही लावलं होतं, तिथंच. कुंकवानं बोर्ड बंद पडतो हे त्या घरात आता सगळ्यांना माहीत होतं. पण हात आवरण्यापेक्षा पुसणारीला बोलावणं सोपं.

मी ब्रश पदराआड घेतला. मुलगी म्हणाली, "आई, आज तुला सुट्टी आहे ना?"

"होती," मी म्हटलं. "त्यांची पूजा झाली आता."