कप्तानापेक्षा डॉक्टरीणबाई

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादा सायखेड्याहून नाशिकला माझ्याकडे राहायला आला. शेतावर फिरायची सवय असलेला माणूस, दिवसभर बसून वैतागायचा. मग माझ्या मुलीने आमच्या लहानपणीची अंतराळयानाची मालिका शोधून मोठ्या टीव्हीवर लावून दिली. पूर्वी रविवारी सकाळी ती लागली की निम्मी आळी आमच्या घरात जमायची. संपली की दादा पाठीला फवारणीचा रिकामा पंप बांधून टोमॅटोच्या वावरात कप्तान व्हायचा. यंत्रमानव अर्थातच मी.

मी आता बरीच वर्षं हौशी नाटकं बसवते. नट मनापासून बोलतोय की नुसतं पाठ केलेलं म्हणतोय, हे मला लगेच कळतं. दुसऱ्याच भागाला मी म्हणाले, "दादा, तुझ्या कप्तानाला अभिनय येत नाही."

"गप बस. कप्तान हाय तो."

"अरे, समोरचा काय बोलतोय ते तो ऐकतच नाही. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा राहतो. यान पेटलंय आणि हा कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघतोय!"

मला तरी याबद्दल शंका नव्हती.

खरी कमाल यानातल्या डॉक्टरीणबाईची होती. लहानपणी ती आम्हाला कंटाळवाणी वाटायची. हातात बंदूक नाही, मारामारी नाही. एका भागात प्राणवायू सगळ्यांना पुरणार नाही हे फक्त तिला आणि कप्तानाला ठाऊक असतं. कप्तान लांबलचक भाषण ठोकतो. ती मागे एका जखमी माणसाच्या हाताला पट्टी बांधत असते. मध्येच तिचा हात थांबतो, आणि पुन्हा चालू होतो. बस्स. पुठ्ठ्याच्या भिंती, रंगीत बल्ब, सगळं खोटं दिसत होतं, तरी तेवढा वेळ प्राणवायू खरंच संपत आलाय असं मला वाटलं.

दादा म्हणाला, "बाई लय भारी काम करती, कबूल. पण आपल्या घरात तेव्हा किती कालवा असायचा, आठव. पोरं रडायची, म्हातारे खोकायचे. तिचं एक वाक्य तरी ऐकू यायचं का? कप्तान ओरडायचा म्हणून तर आपल्याला गोष्ट कळायची."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भरलेल्या घराला ऐकू जावं म्हणून तो नट घसा फोडत असेल, तर त्याबद्दल त्याला मी मान देते. पण मत बदललं नाही. मोठ्याने बोलणाऱ्यालाही समोरच्याचं ऐकता येतं. तालमीत मी रोज तेच सांगते.

आमचं एकमत झालं यंत्रमानवावर. चंदेरी डब्यात कोंडलेला नट, चेहरासुद्धा दिसत नाही. शेवटच्या भागात त्याला कायमचं बंद करायचं ठरतं. डॉक्टरीणबाई जवळ येते. बटण त्याच्या मानेमागे, बाई बुटकी. तिचा हात पोचावा म्हणून तो स्वतःच जरा खाली वाकतो.



"हे तेव्हा दिसलंच नाय आपल्याला," दादा म्हणाला. मग चष्मा काढून त्याने सदऱ्याने पुसला. "मागं घे जरा. परत बघू."

मी मागे घेतलं.