रोज वाचणाऱ्या मावशी

मावशी वाचत असताना कुणी हाक मारली, तर त्या मान वर करत नसत. फक्त डावा पंजा उचलत. "पान होऊ द्या, मंग बोलू." अंबडच्या आमच्या वाचनालयात एकदा अध्यक्षांनाही त्यांनी असंच थांबवलं होतं आणि अध्यक्ष हातात चहाचा कप घेऊन खरोखर उभे राहिले होते. पान झालं की मावशी चष्मा काढून पदराने पुसत आणि शांतपणे म्हणत, "हं, बोला सायेब."

असं वाचणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला त्यांचं हसू येतं, आणि थोडा हेवाही वाटतो.

मी त्या वाचनालयाचा कार्यवाह. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी नीट ठेवल्या. एक नोंद मात्र मी चुकीची केली, ती चुकीची आहे हे कळल्यावरही तशीच ठेवली. ती दुरुस्त करायला आता वाचनालयाचं रजिस्टर पुरणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत. मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केला. मुली सुट्टीला गेल्या की त्यांची पुस्तकं चुलीपुढे बसून वाचायच्या. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने वस्तीतल्या बुद्धविहारात ग्रंथ वाचला जातो, तिथे वाचायला दरवर्षी त्याच बसत. पुढे धुराने आणि वयाने नजर गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याला लाभलं, दुसऱ्याला नाही. "पुस्तक उघडलं की समद्या मुंग्याच पळून राह्यल्या असं दिसतंय," म्हणायच्या.

मग एका देणगीदाराने वाचनालयाला दहा टॅब दिले. त्यात पुस्तकांच्या कपाटाचं ॲप होतं. कपाट उघडायचं, पुस्तक निवडायचं, वाचायचं. रोज वाचलं की एक पणती पेटे, एक दिवस चुकला की ती विझे. कुणाच्या किती पणत्या पेटल्या, हे मला वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर दिसे. रोजच्या वाचनाची सवय लागावी म्हणून हे सगळं. पंधरा दिवस पणती विझलेली दिसली तर टॅब परत घ्यायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा, हा नियम मीच सुचवला होता.

मावशींना मी अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं. त्या करत गेल्या, करत गेल्या, अक्षर हरभऱ्याएवढं होईपर्यंत. पडद्यावर जेमतेम पाच ओळी मावत होत्या. त्या पाच ओळी त्यांनी दोनदा वाचल्या आणि म्हणाल्या, "आता बरं झालं. मुंग्या जागेवर बसल्या."

त्यांची एकच तक्रार होती. "सायेब, हे मधीच टुंग करतंय. 'आज वाचलं का' म्हणून विचारतंय. आरं बाबा, वाचूनच तर राह्यले ना." मग त्यांनी शेजारणीच्या सुनेकडून टॅबचं नेट बंद करून घेतलं. हेही त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

आता माझ्या वाचनाचं सांगतो. पान उलटलं की ते वाचलं, अशी त्या ॲपची समजूत होती. मी सकाळी चहा घेताना बोटाने वीस-पंचवीस पानं सरकवायचो. माझी बायको एकदा म्हणाली, "वाचताय का पत्ते पिसताय?" पण पणती पेटत होती. कार्यवाहाची पणती विझून कसं चालेल, असं मी स्वतःला सांगत असे. बघता बघता माझ्या नावावर कपाटातली अर्धी पुस्तकं 'पूर्ण' म्हणून लागली.

एका महिन्याच्या यादीत दोघांच्या पणत्या विझलेल्या दिसल्या. एक कापडाचे व्यापारी, दुसऱ्या मावशी. व्यापाऱ्यांना मी फोन केला. "काय शेठ, तब्येत बरी आहे ना?" ते म्हणाले, लग्नाच्या गडबडीत राहून गेलं. मी त्यांच्या नावापुढे 'अडचण' लिहिलं. मावशींना फोन केला नाही. त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'वाचनात रस नाही.'

का, असं मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. आज उत्तर माहीत आहे. शेठ वाचत नाहीत यावर माझा विश्वास बसत नव्हता. मावशी वाचत नाहीत यावर लगेच बसला. वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांपुढे बसून वाचलेली बाई, पण विश्वास मी कॉम्प्युटरवर ठेवला.

निरोप मिळाल्यावर मावशी टॅब घेऊन आल्या. टॉवेलात गुंडाळलेला होता.

"सायेब, चार दिवस द्या. पुस्तक अर्ध्यावर हाय."

"नियम आहे, मावशी. तुम्ही वाचतच नाही, इथे दिसतंय."

"मी वाचत न्हाई?" त्यांना आधी गंमतच वाटली. "मंग रोज सांजच्याला विहारात बसून काय करून राह्यले मी?"

"ते मला कसं कळणार? यात नोंद नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे. "यात न्हाई म्हणता, मंग ठेवा," म्हणाल्या, आणि टॉवेलाची घडी करून निघून गेल्या.

दोन-तीन दिवसांनी तो टॅब पुढच्या माणसाला द्यायचा म्हणून मी वाचनालयाच्या नेटला जोडला. जोडल्याबरोबर मावशींच्या नावापुढे पणत्या पेटू लागल्या. एकामागून एक. एकही दिवस सुटलेला नव्हता. नेट बंद असताना केलेलं वाचन टॅबच्या पोटात साठून राहिलं होतं, एवढीच गोष्ट. रोज संध्याकाळी दीड-दोन तास. पानं मात्र थोडीच, कारण, हे मला पुढे कळलं, विहारात चार-पाच बायांना त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि कुणी काही विचारलं की थांबायच्या.

तेव्हाच वस्तीत जाऊन टॅब परत द्यायला दहा मिनिटं लागली असती. पण आठ दिवसांवर कार्यक्रम होता. सर्वांत जास्त दिवस वाचणाऱ्याचा सत्कार, आणि तो मान माझा ठरला होता. मावशींची चौकशी निघाली असती तर माझ्या पणत्यांचीही निघाली असती. मी टॅब पुढच्या माणसाला दिला. माझा स्वतःचा तरी देता आला असता. तो घरी चार्जरला लावून पडलेला असे. तेही सुचलं नाही, की सुचू दिलं नाही.

सत्काराला मावशी आल्या होत्या. मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "येवढं वाचलं सायेब तुम्ही. त्यातलं येखादं आम्हालाबी सांगा कधी."

"सांगू ना," मी म्हणालो.

त्यानंतरही त्या वाचनालयात येत. वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून फक्त मथळे वाचत. "बारीक हाय ते तुम्ही वाचा, मोठं हाय ते मी वाचते," म्हणत. एक पान वाचायला आता त्यांना दोन मिनिटंही लागत नसत. कुणाला पंजा दाखवायची वेळच येत नव्हती. मी समोरच्या टेबलावर बसलेला असे. रोज ठरवत होतो, आज सांगू. दीड वर्ष ठरवत होतो. मग त्या येईनाशा झाल्या, आणि एक दिवस त्या गेल्याचं समजलं.

गेल्या महिन्यात मी विहारात गेलो. भोजनदानाचे तांदूळ निवडत बाया बसल्या होत्या. एकीने मला ओळखलं.

"वाचनालयाचे सायेब ना? बरं झालं आले. ती येकटीनं विहीर खांदणारी बाई, तिचं पुढं काय झालं वो? तिचा नवरा परत आल्ता, अन् दार वाजवून राह्यला व्हता. मावशीचं वाचणं तिथंच थांबलं. तिनं दार उघडलं का?"

ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. 'पूर्ण' अशी खूण असलेलं.

"मी ते वाचलेलं नाही," मी म्हणालो.

"असं कसं? मावशी म्हणायची, सायबानं समदी वाचून काढली. सत्कारबी झाला."

"नुसती पानं उलटली." मग मी सगळं सांगितलं. मावशी रोज वाचत होत्या हे टॅब घेतल्यावर दोन-तीन दिवसांतच मला दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो.

सगळ्यांचे हात थांबले. त्या बाईने पुढ्यातलं सूप बाजूला सारलं.

"हे तिला सांगितलं व्हतं का?"

"नाही."

तिने सूप पुन्हा पुढे ओढलं आणि बाकीच्या बायांना म्हणाली, "यांनाबी ठाऊक न्हाई गं, दार उघडलं का ते."