उंबऱ्याबाहेरचा बावटा

आमची आणि सिद्धारामची भिंत एक. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या असाव्यात, कारण तिकडं कुणी कूस बदलली तरी इकडं कळायचं. मग भांडण कुठलं लपतंय? मी मुद्दाम कान लावून ऐकलं नाही, हे आधीच सांगते. कान भिंतीकडं होता, कारण माझी चूल त्या भिंतीला होती.

माझी पोरं पाटी घेऊन शाळेत जायची, तेव्हाची ही गोष्ट. सिद्धाराम यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेल विणायचा आणि त्याची बायको नीलम्मा त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. त्या दिवशी लाल बावट्याचा मोर्चा होता. बायांना पुरुषांएवढी मजुरी द्या, अशी मागणी. घोषणा द्यायला सिद्धाराम सगळ्यांच्या पुढं. नीलम्माही मोर्चातच होती, मागच्या रांगेत. घरी आल्यावर सिद्धारामनं हातपाय धुतले, पाटावर बसला आणि बसलेल्या घशानं म्हणाला, "नीले, वाढ की. पैली गरम भाकरी मला टाक."

मला वाटलं, आता थापेल. पण थापल्याचा आवाजच येईना.

"अवो," नीलम्मा म्हणाली, "तुमचा बावटा उंबऱ्याच्या भायेरच का थांबतुय? आत येऊ नको म्हनलंय का त्येला कुनी?"

"म्हंजे?"

"म्हंजे मीबी तेवडंच चालले. माजेबी पाय दुखत्यात. मालकाला सांगून आलात, बायांचं काम पुरुषांएवढंच म्हणून. मग हितं पुरुषांचं काम बायांएवढं कवा व्हनार?"

"अगं, मला भाकरी येत न्हाय."

"मी काय आईच्या पोटातनं शिकून आले?"

आमच्या घरातलं माणूस असतं तर एव्हाना तांब्या भिंतीवर आपटला असता. मी तर फळीवरची बरणी धरूनच उभी राहिले. पण सिद्धारामचा एक दोष होता. मुद्दा पटला की त्याला गप्प बसता यायचं नाही, तो तसा वागायलाच लागायचा. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं असं थापणं सुरू झालं की आमचे डबे हलले. तो भाकरी करत नव्हता, भाकरीला मारत होता.

सिद्धाराम गेला त्याला आता वर्ष होत आलं. पण अजून कुठं थापल्याचा आवाज आला की मी बरणी धरते.

त्या भांडणापासून त्यांच्यात एक दिवस तिची पाळी, एक दिवस त्याची. त्याच्या दिवशी भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत वाळलेली असायची. कडक भाकरी सोलापूरला नवी नाही, पण बाकीचे ती मुद्दाम करतात, सिद्धारामची आपोआप व्हायची. माझं नाव दगडाबाई, पण दगड निपजायचा तो त्याच्या तव्यावर. नीलम्मा गुमान ती फडक्यात बांधायची आणि कारखान्यात न्यायची. तिथल्या बायांनी शेंगा चटणीबरोबर चावून बघितली आणि म्हणाल्या, "नीलम्मा, आमालाबी आण की. लई टिकतीया." टिकणारच. उंदीरसुद्धा तिच्या वाटेला जात नव्हता.

पुढं कारखान्याला कुलूप लागलं. बाकीचे विणकर पानटपरीवर बसून राहिले, सिद्धाराम तव्यापुढं बसला. तोवर हात बसला होता. पापडासारखी पातळ, तोडली की कटकन वाजणारी भाकरी करायला लागला. खानावळींना सायकलवरून पोचवायचा. वाटेत कुणी हटकायचंच.

"काय सिद्धाराम, बांगड्या भरल्यास काय बे?"

"भरल्या असत्या की. पीठ अडकतंय."

सायकल मात्र माझ्याच भिंतीला टेकवायचा. शंभरदा सांगितलं, चुना निघतोय. "भिंत दोघांची हाय, दगडाक्का," म्हणायचा. "निम्मा चुना माजाच निघतुय."

पुढं त्यानं बायकांच्या बचत गटात नाव द्यायचं काढलं. बाया म्हणाल्या, हा बायांचा गट आहे. हा म्हणतो, "मग समानता कुटं गेली?" शेवटी नाव नीलम्माचं लागलं आणि हा तिथं सतरंजी अंथरायला जाऊ लागला. अंथरता अंथरता मत द्यायचा. काम वाढलं तशा दोन बाया हाताखाली आल्या. त्यांना स्वतःएवढंच द्यायचा, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण एकदा त्यांनाच म्हणाला, "अगं, हप्त्याची सुट्टी मागा की. मागितल्याबिगर मालक देत नसतुय." त्या म्हणाल्या, नको बाबा. हा म्हणाला, मागाच. बिचाऱ्यांनी मागितली. तर हा म्हणतो, "आज न्हाय जमत, आज लई मागणी हाय." मग आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू आलं, तशी कपाळावर हात मारून घेतला. सुट्टी दिली आणि दिवसभर एकटाच थापत बसला.

लग्नात तर त्याला न्यायची सोय नव्हती. मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुतले की हा मांडवात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता जावयानं सासऱ्याचं धुवावं. पानी हाय अजून तांब्यात." लग्नाला या पण बोलू नका, असं तोंडी आवतण मिळणारा सोलापुरात तो एकटाच असेल.

तर असा हा माणूस. त्याला आयुष्यात एकदाच गप्प बसलेलं मी बघितलं. तेच सांगायचंय.

त्याचा मुलगा शिवराज एका शाळेत क्लार्क. शिवराजची मुलगी उत्कर्षा. ती अज्जाच्या, म्हणजे आजोबाच्या, मांडीवर 'सगळ्यांत सारखं करा' हेच ऐकत मोठी झाली. शिकली, पुण्याला कंपनीत लागली. दर शनिवारी सिद्धाराम स्टँडवर जायचा आणि पुण्याच्या गाडीत कंडक्टरजवळ तिच्यासाठी भाकरी-चटणीचं पुडकं द्यायचा. तिच्याबरोबर अंकिता राहायची, करमाळ्याची. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दोघी मिळून यायच्या. पोरगी गुणी. सगळ्यांना वाटायचं, मैत्रीण आहे.

त्या वर्षी यात्रेला आल्या, तर शिवराजनं उत्कर्षासाठी स्थळ आणून ठेवलेलं. मुलगा टेंभुर्णीचा, ट्रकांचा धंदा. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बोलणं चाललं होतं. भिंत तीच.

"पप्पा, स्थळ बघू नका," उत्कर्षा म्हणाली. "मी आणि अंकिता नुसत्या मैत्रिणी नाही. आम्ही जन्मभर एकत्र राहायचं ठरवलंय. कायद्यात बसत असतं तर लग्न केलं असतं. निदान घरच्यांच्या अक्षता तरी पडाव्यात, म्हणून आलोय."

"पोरीपोरींचं लग्न?" शिवराजचा आवाज चिरकला. "लोक तोंडात शेण घालतील! असलं करायचं असेल तर या घराची पायरी चढू नकोस."

"घर अज्जांचंय. अज्जा नको म्हणाले तर उद्या संध्याकाळच्या गाडीनं जाते. परत नाही यायची."

मग सगळे सिद्धारामकडं बघत असणार. मीही माझ्या बाजूनं भिंतीकडं बघत होते. जो माणूस परक्याच्या मांडवात न विचारता बोलायचा, तो आपल्या घरात, विचारल्यावर, एक अक्षर बोलला नाही.

मला विचाराल तर मलाही आधी काही उमगलं नाही. दोघी बाया म्हणजे घरात दोन सुना, की दोन सासवा, एवढंच डोक्यात आलं. पण मग एक आठवलं. अंकिताला तिखट सोसत नाही. जेवायला बसली की तिच्या ताटातली मिरची उत्कर्षा न बोलता उचलून आपल्या ताटात घ्यायची. आमच्या ह्यांना, मला काय सोसतं आणि काय नाही, हे मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि आमच्या लग्नाला सगळं गाव जेवलं होतं.

दुसरा दिवस यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा. सिद्धारामचं नावच देवाचं, जन्मात कधी अक्षता चुकवली नव्हती. त्या दिवशी मात्र गेला नाही. शिवराज पांढरी बाराबंदी घालून एकटाच गेला. हा तव्यापुढं बसून भाकरी करत होता. पोरी माडीवर पिशव्या भरत होत्या. मी जाऊन चुलीपाशी बसले.

"काय रं सिद्धाराम, जीभ भाजली काय?"

"दगडाक्का," तो म्हणाला, "जल्मभर सांगत आलो, नवरा-बायकोत सारखं करा. हितं नवराच न्हाय. मग सारखं कुनाला कुनाबरुबर करायचं?"

"अरे, तुजं काम हलकं झालं की. त्या आदीच सारख्या हायत."

त्यानं भाकरी उलटली.

नीलम्मा शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, बावटा परत भायेरच ठेवलात का?"

सिद्धारामची भाकरी तव्यावर करपली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात शिवराज आला. कपाळाला भस्म, अंगात बाराबंदी, उपरण्याच्या टोकाला उरलेल्या अक्षतांची गाठ. आल्या आल्या आईला म्हणाला, "गेल्या का त्या? अव्वा, असलं जगात कुठं झालंय का सांग."

नीलम्मानं सूप बाजूला ठेवलं. "आत्ता कुटनं आलास?"

"कुठनं म्हणजे? अक्षतेहून."

"कुनाच्या?"

सोलापुरात हे पोरासोरांना ठाऊक असतं. कुंभाराच्या लेकीनं हट्ट धरला, लग्न करीन तर सिद्धेश्वर महाराजांशीच. महाराज पडले योगी. त्यांनी आपला योगदंड पुढं केला. त्या दंडाशी तिचं लग्न लागलं. त्याच लग्नाच्या अक्षता अख्खं शहर दर साली टाकतं.

"नवरी कुंभाराची लेक आणि नवरा काटी," नीलम्मा म्हणाली. "तितं इचारलंस का, ह्यांचा संसार कसा व्हनार म्हणून? का लोकं काय म्हनतील म्हणून अक्षता खाली टाकल्यास?"

"अव्वा, ती देवाची गोष्ट."

"व्हय की. देवाला चाललं. तुला चालंना."

सिद्धारामनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात झटकले आणि ओरडला, "पोरींनो, खाली या!"

दोघी आल्या. अंकिताच्या हातात पिशवी, उत्कर्षाचे डोळे सुजलेले. सिद्धारामनं समोर बसवलं. मांडवात बोलायचा तोच आवाज लागला, तसं मला बरं वाटलं.

"अंकिता, पगार कुनाचा जास्त?"

"उत्कर्षाचा, अज्जा. थोडा."

"मग भाडं?"

"जिचा जास्त ती जास्त देते."

"हं. भांडल्यावर आदी कोन बोलतं?"

दोघींनी एकमेकींकडं बोट दाखवलं.

"हं. आणि सैपाक?"

"स्वयंपाकाला मावशी येतात," अंकिता म्हणाली.

सिद्धारामचा चेहरा बदलला. "रोज?"

"हो, रोज."

"रविवारी?"

"रविवारी तर दोन वेळा येतात. आम्ही घरी असतो ना."

"आणि त्या मावशीला सुट्टी कवा?"

दोघी आठवायला लागल्या. शिवराजला वाटलं, बाप आपल्या बाजूला आला. तो पुढं सरकला. पण सिद्धाराम उभाच राहिला. "सुट्टी न्हाय? माज्या नातीच्या घरात? बाईमानूस हप्त्याचं सात दिवस तवा धरतंय आणि तुमी हितं बराबरीच्या अक्षता मागाय आलाय व्हय? तुमच्या लग्नाला माजी ना न्हाय. दोघी बाया आसा न्हायतर दोन काट्या आसा. पर त्या मावशीला रविवार मिळाल्याबिगर एक दाना टाकनार न्हाय मी!"

उत्कर्षा रडता रडता हसायला लागली. "अज्जा, देतो सुट्टी. पण मग रविवारी स्वयंपाक कोण करणार? दोघींनाही भाकरी येत नाही."

"मी काय आईच्या पोटातनं शिकून आलो?" सिद्धाराम म्हणाला आणि नीलम्माकडं बघितलं. नीलम्मा शेंगा निवडत होती, पण तोंडाला पदर लावून.

पोरींनी तिथंच मावशीला फोन लावला. मावशीला आधी वाटलं, काम सुटलं. तिची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. मग सिद्धारामनं शिवराजच्या उपरण्याची गाठ सोडली आणि अक्षतांचे दोन वाटे केले. एक आम्ही तिघांनी पोरींवर टाकला. दुसरा वाटा ताटलीत ठेवला आणि शिवराजपुढं सरकवला. "तुजा निम्मा. टाकायचा तवा टाक."

शिवराजनं टाकला नाही. आत गेला, भिंतीकडं तोंड करून जेवला. पण पायरी चढू नको, असंही परत म्हणाला नाही. टेंभुर्णीला त्यानंच फोन करून स्थळ नको म्हणून कळवलं. ताटली कोनाड्यात राहिली. पुढं दिवाळीला पोरी येऊन गेल्या आणि नंतर बघते तर ताटली रिकामी. चिमण्यांनी खाल्ल्या का शिवराजनं टाकल्या, मी विचारलं नाही. आमच्या चाळीत चिमण्या आता फारशा दिसत नाहीत, एवढं मात्र खरं.

शनिवारची फेरी चालूच होती. फक्त एका पुडक्याची तीन झाली. एक उत्कर्षाचं, एक अंकिताचं, एक मावशीचं. त्याच्या शेवटच्या शनिवारी मी त्याच गाडीत होते, टेंभुर्णीला लेकीकडं निघालेले. खिडकीतनं बघत होते. सिद्धारामनं सायकल खांबाला टेकवली, धोतराचा सोगा खोचला आणि पुडकी कंडक्टरच्या हातात दिली. कंडक्टर नवा होता.

"बाबा, तिन्ही एकाच पत्त्यावर? मग एकातच बांधायचं की."

"एकात बांधलं की एकटी वाढनार आणि दोघी ताट घेऊन बसनार. राहू दे तीनच."

कंडक्टरनं हसून पुडकी सीटवर ठेवली आणि बेल मारली. गाडी हलली, तसा सिद्धाराम दाराबरोबर चालायला लागला.

"बाळ, तुला हप्त्याची सुट्टी हाय का?"

"काय बाबा?"

"सुट्टी! सुट्टी देत्यात का न्हाय?"

गाडीनं वळण घेतलं. सिद्धाराम हात उंच करून अजून विचारतच होता.